बायजीच्या हातची मोटर

दोन हजार सतराच्या चैत्रात विवळवेढ्याहून महालक्ष्मीची जत्रा करून परतताना सुकऱ्या टेम्पोच्या फाळक्यावरून घसरला आणि उजव्या मनगटावर पडला. हाड मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, हात गळ्यात अडकवून दिला आणि पाऊस लागेपर्यंत या हाताने काहीएक उचलायचं नाही अशी तंबी दिली. घरी पोचेपर्यंत वाटेत भेटेल त्याला त्याची बायको बायजी आपणहून सांगत होती, "पिऊन नाही हां पडला. फाळका निसटला."

सुकऱ्याला लोक काय म्हणतात याचं काही पडलं नव्हतं. त्याच्या डोक्यात तराफा होता.

झरी गावाच्या पुढे, डोंगराच्या अंगाला धरणाचं पाणी पसरलंय. पाण्याच्या अलीकडे एक पाडा, पलीकडे दुसरा. मधे सुकऱ्याचा तराफा. ॲल्युमिनियमच्या दोन लांब, जाडजूड नळ्या, दोन्ही तोंडं बंद; त्यांच्यावर फळ्यांचा माचा, बाजूने कठडा आणि मागे मोटर. गुजरातेतल्या कुठल्याशा बंद पडलेल्या सहलीच्या तलावावरून मच्छीमार सोसायटीने तो विकत आणला आणि चालवायला सुकऱ्याकडे दिला. तेव्हापासून शाळेतली पोरं, भाताची पोती, शेळ्या, आजारी माणसं, नव्या नवऱ्या, सगळं त्याच्यावरूनच ये-जा करायचं. सडकेने जायचं तर तलासरीला वळसा घालून अर्धा दिवस मोडे.

दरवर्षी वैशाखात पाणी खाली गेलं की सुकऱ्या तराफा चिखलाच्या काठावर ओढून घेई आणि त्याची वर्षाची साफसफाई, दुरुस्ती स्वतः करी. डहाणूच्या बंदरावर मिस्त्री होते, पण मोटर तिथवर न्यायची, ठेवायची, पुन्हा आणायची, आणि तोवर इकडे माणसं खोळंबणार. म्हणून पहिल्या साली तो बंदरावरच्या एका मिस्त्रीच्या शेजारी दोन दिवस बसून सगळं बघून आला होता. पुढे त्या मोटरीला त्याने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. बायजीला तर जवळही येऊ देत नसे. तीही जात नसे. तिला त्या पेट्रोलच्या वासाने मळमळायचं. "माझी सवत आहे ती," असं ती बायकांत म्हणायची, आणि बायका हसायच्या.

या साली सुकऱ्याच्या मनात होतं, मुलाला बोलवावं. अमृत, त्यांचा एकुलता एक, वापीला कारखान्यात होता. त्याला फोन लावला तर त्याने सांगितलं, "बाबा, सुट्टी नाही. जूनमध्ये बघतो." जूनमध्ये काय बघणार? तेव्हा पाणी चढलेलं असतं.

त्यातच लक्ष्या आला. लक्ष्या म्हणजे शेजारचा, बायजीच्या नात्यातला. त्याची मुलगी धाकली हिचं लग्न पलीकडच्या पाड्यात ठरलं होतं. नवरीला घेऊन सगळं वऱ्हाड पाण्यावरून जाणार, असं दोन्ही पाड्यांनी धरूनच ठेवलं होतं.

"भाऊ, होईल ना?" लक्ष्या दारातच उभा राहून म्हणाला. त्याची नजर प्लास्टरवर होती. "नाहीतर मी टेम्पो सांगून ठेवतो. फक्त म्हातारी माणसं आहेत, त्यांना तेवढा वळसा सोसायचा नाही."

बायजी चुलीजवळून उठली.

"टेम्पो नको सांगू. होईल," ती म्हणाली.

लक्ष्या गेल्यावर सुकऱ्या तिच्यावर उसळला. "कोण करणार? तू?"

"हात माझे, तोंड तुझं," बायजी म्हणाली. "नाहीतरी घरात तसंच चालतं."

दुसऱ्या दिवशी ऊन तापायच्या आधी दोघं काठावर गेली. पाड्यातल्या माणसांनी मिळून तराफा ओंडक्यांवर ओढून दिला आणि ती आपापल्या कामाला गेली. बायजीने लुगड्याचा काचा घट्ट मारला, नारळाची शेंडी आणि खरवडणी घेतली आणि नळ्यांवरचं शेवाळ काढायला बसली. ते काम तिला अवघड नव्हतं. भांड्यासारखंच घासायचं. घासता घासता चमक यायला लागली तसं तिला बरंही वाटायला लागलं.

सुकऱ्या बाजूला जांभळीच्या सावलीत बसून सांगत होता. "तिथं राहिलंय. अगं, खालच्या बाजूला. वाकून बघ."

"दिसतंय मला."

मग नळ्यांच्या मागची बुचं काढली. डाव्या नळीतून थेंबभर पाणी आलं. उजवीतून मात्र घागर कलंडावी तसं आलं. दोघंही पाण्याच्या त्या ओघळाकडे बघत राहिली.

"म्हणून तो उजवीकडे कलंडायचा," सुकऱ्या म्हणाला. "मला वाटायचं, माणसंच एका बाजूला बसतात."

कुठून गळतंय ते शोधायची त्याची रीत होती. सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह एका रबरी बुचात बसवलेला. ते बूच नळीच्या भोकात घट्ट दाबायचं, पंपाने हवा भरायची आणि सांध्यांवर साबणाचा फेस फासायचा. जिथून हवा निघेल तिथे फुगा येतो. पंप मारायला दोन हात लागतात. सुकऱ्या उठला, पंपाच्या बुडावर पाय दिला आणि डाव्या हाताने मारायला लागला. प्लास्टरचा हात छातीशी धरून तो वाकत होता, उठत होता, घामाघूम होत होता. बायजी त्याला नको म्हणाली नाही. आल्यापासून त्याचा चेहरा पहिल्यांदाच थोडा मोकळा झाला होता.

ती फेस लावत पुढे पुढे सरकत गेली. कुठेच काही नाही. शेवटी माच्याच्या पट्टीखाली, जिथे डोळा पोचत नाही, तिथे तिने बोटांनी फेस लावला आणि बोटाला गुदगुली झाली.

"थांब!" ती ओरडली. "इथं श्वास घेतोय!"

सुकऱ्या गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून बघायला आला. बारीक बारीक फुगे एकामागून एक येत होते. पट्टीचा बोल्ट ढिला होऊन नळीवर घासत होता, तिथे चीर गेलेली. गेली कैक वर्षं त्याचा डोळा तिथे गेला नव्हता. तो फक्त "हं" म्हणाला. पण बायजीला त्या "हं"चा अर्थ कळत होता. चीर घासून कोरडी केली, एमसीलचे दोन गोळे मळून एकजीव केले आणि भाकरीचा काठ दाबावा तसं तिने ते दाबून बसवलं. बोल्टखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. उन्हात वाळायला सोडलं आणि दोघं घरी जेवायला गेली.

मोटरीचं काम दुसऱ्या दिवशी. मोटर दोन माणसांनी उचलून घराच्या ओटीसमोर आणली आणि एका जाड फळीवर टांगली. बायजीने वरचं झाकण काढलं आणि आत वाकून बघितलं. नळ्या, तारा, चाकं. कोंबडी सोलल्यावर निदान काय कुठे असतं ते माहीत असतं.

"घाबरू नको," सुकऱ्या म्हणाला. आता त्याचा आवाज मऊ झाला होता. "ती काही चावत नाही. आधी प्लग काढ. तो पांढरा दांडा."

प्लग काळा झालेला होता. तो घासला. पेट्रोलची जाळी धुतली. वासाने तिला मळमळलं. तिने पदर नाकाला बांधला आणि कामाला लागली. कुठे ग्रीस किती द्यायचं हे सुकऱ्या सांगत होता आणि ती देत होती. मग खालच्या गिअरचं ऑइल काढायचं होतं. खाली एक स्क्रू, वर एक. दोन्ही उघडले तसं ऑइल डब्यात पडायला लागलं. ते काळंशार असायला हवं होतं. आलं ते दुधाच्या चहासारखं.

सुकऱ्याने कपाळावर हात मारला, तोही डावा. "पाणी शिरलं."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी अडवणारं सील गेलं. असंच चालवलं तर आतले दाते गंजून खलास. मोटर बसली म्हणून समज."

त्याने तिला पंखा काढायला सांगितला. पिन सरळ करून उपसली, नट फिरवला, पंखा ओढला. त्याच्यामागे दांड्याला कसलासा घट्ट वेटोळा बसला होता. बायजीने विळीच्या टोकाने तो उकलला. गळाची तंगूस, नायलॉनची दोरी. कुणाची तरी तुटलेली तंगूस पाण्यात फिरणाऱ्या पंख्यात गेली होती आणि गुंडाळत गुंडाळत तिने सील कापलं होतं. तारेचा आकडा करून बायजीने ते सील बाहेर ओढलं. बांगडीएवढंही नाही, कानातल्या रिंगेएवढं. काळ्या रबराची एक चकती.

"एवढ्याशासाठी?" ती म्हणाली.

"एवढ्याशावरच सगळं आहे," सुकऱ्या म्हणाला, आणि उठून आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला.

बायजीला त्याचा राग आला नाही. तिला ठाऊक होतं, हात मोडल्याचं दुःख याला आज झालंय. हात असता तर आत्ता याने चार शिव्या घालून सायकल काढली असती आणि तलासरीची गाडी पकडली असती. तिने ते सील पदराच्या टोकाला बांधलं, शेजारच्या जमनाला सुकऱ्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं आणि ती निघाली. तलासरीपर्यंत जीप, तिथून डहाणूची एसटी. खिडकीतून चिकूच्या वाड्या मागे जात होत्या. डहाणूला ती बाजाराला, दवाखान्याला बऱ्याचदा आली होती, पण मोटरीचा सुटा भाग आणायला आपण एकटी निघालोय या विचाराने तिला एकीकडे हसू येत होतं आणि एकीकडे धास्ती.

बंदराजवळच्या होडीसामानाच्या दुकानात जाळी, दोर, बोयांचा ढीग पडला होता. दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून सील उलटसुलट केलं.

"बेन, हे माझ्याकडे नाही. मोठ्या मोटरीची आहेत, या मापाचं नाही. मागवलं तर आठ-दहा दिवस जातील."

"तेवढे दिवस नाहीत, शेठ. लग्न आहे."

"तुमच्या मुलीचं?"

"मुलीसारखीच."

त्याने सील उजेडात धरलं. काठावर बारीक आकडे कोरलेले होते, झिजले होते पण वाचता येत होते. "हे बघा, हे माप आहे. होडीचं, पंपाचं, मोटारसायकलचं, मापाला कुणाचं नाव नसतं. मसोलीला जा. स्टेशनवरून रिक्षा मिळेल. तिथे बेअरिंगचं एक दुकान आहे, दीपकभाईचं. त्याला हेच दाखवा आणि मी पाठवलं म्हणून सांगा."

दीपकभाईने मापपट्टी लावली, मागच्या फळीवरचे तीन डबे उपसले आणि तेल लावलेलं एक नवंकोरं सील तिच्या तळहातावर ठेवलं. "दोन घेऊन जा, मावशी. एक बसवताना वाकडं झालं तर परत यायला नको."

किती शहाणं बोलणं! दोन घेतली. येताना तिने सुकऱ्यासाठी गरम भजी घेतली, ती एसटीत निवली, तरी त्याने ती चाटूनपुसून खाल्ली. खाताना तो विचारत राहिला. दुकान कुठलं, माणूस कसा, काय म्हणाला. तिने सगळं दोनदा सांगितलं.

पहिलं सील खरोखरच वाकडं झालं. बायजीने घाईने ठोकलं आणि ते एका बाजूने दुमडलं. सुकऱ्या ओरडणार होता, पण त्याने तोंड मिटलं. घरात जाऊन तो पाइपचा एक तुकडा घेऊन आला, बरोबर सीलच्या काठावर बसेल असा.

"हा वर ठेव. आणि हळू ठोक. एका जागी नको, फिरवून फिरवून. उखळात मसाला कांडतेस ना, तसं."

"मसाला मी जोरात कांडते."

"मग तसं नको."

दुसरं सील सरळ बसलं. नवं ऑइल ती खालच्या स्क्रूमधून भरत गेली, वरच्या भोकातून थेंब बाहेर आला तशी थांबली. पंखा चढवला, नट आवळला, पिन घातली. बायजीने फडक्याला हात पुसले आणि ती फडकं झटकणार तोच त्यातून एक पितळी वॉशर टणकन ओटीवर पडला.

दोघांनी वॉशरकडे बघितलं. मग एकमेकांकडे.

"तू सांगितलं नाहीस," बायजी म्हणाली.

"मी सांगितलं होतं, काढलेलं सगळं ताटात ठेव म्हणून!"

"ताटातच होतं! तूच भजी खायला ताट घेतलंस, सगळं फडक्यावर ओतून!"

हे खरं होतं. सुकऱ्याला हसू फुटलं, दाबता येईना, आणि हसताना मनगट दुखायला लागलं म्हणून कण्हायलाही लागला. बायजी आधी रागाने बघत होती. मग तीही खाली बसून डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसली. जमना कुंपणावरून डोकावली, "काय झालं गं?" तर दोघांनाही सांगता येईना. पिन पुन्हा काढली, नट काढला, पंखा काढला, वॉशर आपल्या जागी बसला.

लग्नाच्या आदल्या दिवशी तराफा पाण्यात ढकलला. मोटर मागे आवळली. उजवी नळी आता डावीच्या बरोबरीने तरंगत होती. कलंडणं गेलं होतं. काठावर लक्ष्या, जमना आणि आणखी दहाबारा माणसं बघायला जमली होती. लक्ष्याने चप्पल काढून हातात धरली होती, देवळात उभा राहावा तसा.

बायजीने दोर ओढला. काही नाही. पुन्हा ओढला. मोटर खोकली आणि गप्प झाली.

"चोक," सुकऱ्या हळूच म्हणाला.

चोक ओढला. तिसऱ्या हिसक्याला मोटर धडधडली आणि काठावरची माणसं ओरडली. पण सुकऱ्या हसला नाही. तो मोटरीच्या मागच्या बाजूला बघत होता. तिथे एका बारीक भोकातून पाण्याची धार बाहेर पडायला हवी होती. ती पडली म्हणजे आत मोटरीला गार करणारं पाणी फिरतंय हे कळतं. धार नव्हती.

"बंद कर! बंद कर!"

मोटर बंद झाली. सुकऱ्याचा चेहरा उतरला. "पाण्याचा पंप गेला असेल. सगळं खालचं पुन्हा उघडायचं. उद्यापर्यंत..." लक्ष्या चप्पल पायात घालायला लागला, टेम्पोवाल्याकडे जायला.

बायजी मोटरीशी वाकली. पंप कुठे असतो ते तिला ठाऊक नव्हतं. पण भोक तिला दिसत होतं, आणि भोकाच्या तोंडाशी मातीचा एक तांबूस ठिपका. ओटीवर, दाराच्या फटीत, चुलीमागे, कुठे कुठे तिने तो ठिपका आयुष्यभर खरवडून काढला होता.

"लक्ष्या, थांब जरा," ती म्हणाली. "अरे, ही कुंभारीण आहे."

मोटर ओटीसमोर टांगलेली होती तेवढ्या दिवसांत कुंभारीण माशीने त्या भोकात मातीचं घर बांधलं होतं. बायजीने अंबाड्यातली पिन काढली, भोकात घालून फिरवली. माती भुरभुर बाहेर आली. पुन्हा दोर ओढला. मोटर सुरू झाली, क्षणभर काहीच झालं नाही, आणि मग आधी गढूळ, मग स्वच्छ, अशी सरळ धार लांबवर पाण्यात पडली. सुकऱ्याने तिच्याखाली बोट धरलं. पाणी कोमट होतं. जसं हवं तसं.

सकाळी वऱ्हाड काठावर आलं. हळदीने पिवळी झालेली धाकली, डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका, लग्न लावणारी धवलेरी जिवली, काठ्या टेकत म्हातारे. मोटरीजवळ कोण बसणार, यावर क्षणभर सगळे थबकले. सुकऱ्याने मागच्या फळीकडे हात केला.

"चल, बस. मी नाही बसणार तिथे. एका हाताने दांडा फिरेल, पण दोर कोण ओढेल?"

"मी नुसतं चालू करून देते. चालव तू."

"नको," तो म्हणाला. "ऐकतेय ती तुझं. तूच चालव."

मग तो पुढे जाऊन कठड्याला टेकून बसला, म्हाताऱ्यांच्या मधे. इतकी वर्षं तो या पाण्यावर होता, पण नेहमी मागे, मोटरीचा दांडा धरून, माणसांच्या पाठी बघत. पुढे कधी बसलाच नव्हता. पुढून पाणी वेगळंच दिसत होतं. डोंगराची सावली त्यात उलटी पडली होती, आणि तराफा तिच्यात शिरत होता तशी ती बाजूला होत होती. जिवलीने गाणं धरलं. मोटरीच्या आवाजावर चढवून गावं लागत होतं, पण तिचा गळा तसाच होता.

बायजीची नजर अर्धी समोर, अर्धी धारेवर होती. मधोमध आल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्याला मळमळत नाहीये.

पलीकडे उतरताना धाकलीने वाकून दोघांना नमस्कार केला. सुकऱ्याने डाव्या हाताने आशीर्वाद दिला. तांदळाची भाकर, उडदाची डाळ, सुक्या मासळीचं कालवण, सगळ्यांबरोबर पंगतीत बसून दोघं जेवली. नवऱ्याच्या चुलत्याने सुकऱ्याला विचारलं, "मोटर कुठे करून घेतली? आमच्या पाणी ओढायच्या इंजिनालाही दाखवायचं होतं."

"घरीच," सुकऱ्या म्हणाला. "हिने केली."

"हा बोलला तसं केलं," बायजी भाकर मोडत म्हणाली. "वॉशर सोडून."

चुलत्याला काहीच कळलं नाही. सुकऱ्याने पानावर वाकून डाळ वाढून घेतली आणि तो डाव्या हाताने कालवता कालवता, एका घासाला दोनदा सांडत, पोटभर जेवला.